चार वर्ग, एक बाई

यशोधरा रोकडेला नेमणुकीची ऑर्डर मिळाली १९९५ च्या जूनमध्ये. ऑर्डरवर गावाचं नाव होतं हिरडवाडी. ओतूरच्या बाजारपेठेत तिच्या वडिलांनी, चांगदेवांनी, चारपाच जणांना विचारलं, पण कुणालाच ते गाव ठाऊक नव्हतं. शेवटी एस.टी. स्टँडवरच्या कंट्रोलरनं सांगितलं, "जुन्नरवरून घाटघरची गाडी धरा. घाटघरच्या अलीकडं फाटा लागतोय तिथं उतरा. म्होरं गाडी जात न्हाई, पायीच जायचं."

बापलेक फाट्यावर उतरले. चांगदेवांच्या डोक्यावर वळकटी, यशोधराच्या हातात पत्र्याची पेटी. दीड तास चढल्यावर झाडीत पंचवीसतीस घरं दिसली आणि त्यांच्या वरच्या अंगाला कौलारू छपराची एक खोली. तीच शाळा. दारात कुंडलिक गुरुजी उभे होते. तीन वर्षं त्यांनी ती शाळा एकट्यानं ओढली होती आणि त्यांच्या बदलीचा कागद खिशात होता.

"हे कपाट, ही हजेरी, ही घंटा," गुरुजींनी एका दमात चार्ज दिला. "चार वर्ग, सव्वीस पोरं. दुसरा शिक्षक मंजूर आहे, पण येत कुणी न्हाई."

"चारही वर्ग एकाच खोलीत? मग शिकवायचं कसं?"

गुरुजी म्हणाले, "खरं सांगू का बाई? मला ते कुणी सांगितलं न्हाई. तुमाला कुणी सांगितलं तर मला पत्र टाका." आणि ते आठवडाभरात उतरून गेले.

राहायला जागा मिळणं सोपं नव्हतं. पहिल्या घरी जात विचारून झाल्यावर "आमच्याकडं जागा न्हाई" असं उत्तर आलं. दुसरं घर सरूबाईचं. सरूबाई विधवा, एकटी, तोंडानं फटकळ. तिनंही तेच विचारलं. यशोधरानं सरळ सांगितलं, "आमी बौद्ध." सरूबाईनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "पाणी झऱ्यावरून आणाया लागतंय. माझं गुडघं गेल्यात. दोन हंडं रोज आणशील तर पडवी तुजी." दोन हंडे यशोधरानं कबूल केले आणि चांगदेव निश्चिंत मनानं खाली उतरले.

डी.एड.ला यशोधरा सराव पाठांत दुसरी आली होती. तिच्या वहीत पाठाची टाचणं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेली होती. प्रस्तावना, विषय प्रतिपादन, फलक लेखन, उपयोजन. एक वर्ग, चाळीस मुलं, एक विषय, पस्तीस मिनिटं. मागच्या बाकावर मार्गदर्शक बाई बसायच्या आणि पाठ संपला की काय चुकलं ते सांगायच्या. हिरडवाडीत मागे भिंत होती. चौथीला वजाबाकी सांगायला घेतली की दुसरी भांडायची. दुसरीच्या वर्गाकडे वळलं की तिसरी खिडकीतून गुरं बघत बसायची. आणि पहिली तर हळूहळू दारातून नाहीशी व्हायची.

जुलैतल्या एका दुपारी तिनं वळून पाहिलं तर पहिलीच्या आठापैकी सहा मुलं गायब. ती रागानं छत्री घेऊन बाहेर पडली. खालच्या खाचरांत भातरोपांची आवणी चालली होती आणि ही सहाजणं बांधाच्या बिळांत हात घालून खेकडे धरत होती. एकानं धोतराच्या फडक्यात दहाबारा बांधले होते. तिला बघून सगळी जागच्या जागी थिजली.

"या वर," ती म्हणाली. "खेकडं बी आना."

तिच्या तोंडून 'आणा'ऐवजी 'आना' निघून गेलं हे तिच्या लक्षातही आलं नाही. शाळेच्या ओट्यावर तिनं परात मागवली, खेकडे सोडले आणि विचारलं, "एका खेकड्याला पाय किती?" पोरांनी नांग्या धरून दहा मोजले. दोन खेकड्यांना वीस. तीन खेकड्यांना तीस. एकाची नांगी तुटलेली होती. "मग ह्याला?" "नऊ." "सगळ्यांचे मिळून?" पहिली मोजत बसली, दुसरी न सांगता येऊन वाकली, आणि तिसरीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, आधी सगळं दहा दहाच धरायचं आन् शेवटाला एक काढायचा." दशक शिकवायला तिनं घरूनच काड्यांच्या जुड्या बांधून आणल्या होत्या. त्या तशाच पेटीत राहिल्या. त्या दिवशी चारही वर्ग तासभर एका परातीभोवती बसले. संध्याकाळी सरूबाईनं त्याच खेकड्यांचं कालवण केलं.

एक तास जमला म्हणून वर्ष जमलं असं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच बेबंदशाही. तिला कळलं होतं ते एवढंच, की हे जमू शकतं. कसं, ते कुणाला तरी विचारायला हवं होतं.

विचारायची जागा म्हणजे महिन्याचं संमेलन. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक खालच्या केंद्रशाळेत जमायचे. यशोधरा पहाटे निघायची, दहाला पोचायची. सप्टेंबरच्या संमेलनात एका मोठ्या शाळेतल्या गुरुजींनी आदर्श पाठ घेतला. पाठ खरोखर सुरेख होता. रंगीत तक्ते, निवडलेली तीस मुलं, घड्याळ लावून पस्तीस मिनिटं. टाळ्या झाल्या. केंद्रप्रमुखांनी विचारलं, "काही शंका?"

यशोधरा उठली. "सर, चार वर्ग एका खोलीत असले तर हा पाठ कसा घ्यायचा? हा चालू असताना बाकीच्या तीन वर्गांनी काय करायचं?"

मागून कुणीतरी हसलं. केंद्रप्रमुख म्हणाले, "बाई, थोडं अॅडजस्ट करायचं असतं."

"तेच विचारतेय सर. कसं?"

हसू थांबलं. केंद्रप्रमुखांनी घड्याळ पाहिलं आणि पुढचा विषय घेतला, पटनोंदणीचे तक्ते. चहाच्या वेळी एक सावळा, बुटका माणूस तिच्याजवळ आला. पायात टायरच्या चपला. "मी बहिरू. तुमच्या पल्याडच्या वाडीवर हाय. मला बी चार वर्ग. पाच वर्सं झाली, हा सवाल मी इचारला न्हाई. तुमी इचारला ते बरं केलं."

डिसेंबरात तिनं दोन किरकोळ रजा टाकल्या आणि खोडदच्या बाजूच्या एका मोठ्या गावी गेली. तिथे तिची डी.एड.ची मैत्रीण प्रज्ञा, वर्षभर आधीच नोकरीला लागलेली, शिक्षिका होती. सात वर्ग, सात शिक्षक, ग्रंथालयाचं कपाट, हात धुवायला नळ. पलीकडच्या रानात दुर्बिणीच्या भल्यामोठ्या तबकड्या उभ्या राहत होत्या आणि तिथल्या एका साहेबानं शाळेत येऊन मुलांना ताऱ्यांविषयी सांगितलं होतं. यशोधरा दोन दिवस पहिलीच्या वर्गात मागे बसली. तिथल्या जुन्या बाईंनी वाचनाची कार्डं कशी लावली होती ते तिनं वहीत उतरवून घेतलं. तिला हेवा वाटला. तिनं तो लपवला नाही.

शाळा सुटल्यावर प्रज्ञा म्हणाली, "बदली करून घे की इकडं. मी मात्र बदली मागितलीय इथनं."

"का गं? एवढी चांगली शाळा."

"चांगली हाय. शिष्यवृत्तीला माझ्या वर्गातली किती पोरं बसली, शेजारच्या शाळेतली किती, हे रोज मोजतात. पालक खिडकीत उभं राहून बघतात. मुख्याध्यापक टाचण लिहून देतात आणि मी वाचून दाखवते. दीड वर्षात माझा म्हणावा असा एक पाठ मी घेतला न्हाई, यशोधरा."

"मला विचारायला माणूस न्हाई आणि तुला विचारल्याशिवाय हलता येत न्हाई."

दोघी हसल्या, पण परतीच्या गाडीत यशोधराला ते हसू आलं नाही. खालच्या शाळेत सगळं आहे आणि तिथली बाई सुखी नाही. वर काहीच नाही, आणि तरी परातीभोवतीचा तो तास तिच्या मनातून जात नव्हता. तिनं ठरवलं, बदली मागायची नाही. निदान हे कोडं सुटेपर्यंत तरी नाही. आणि ते सोडवायला खालून कुणी येणार नसेल, तर वरच्यांनीच एकत्र बसायचं.

शनिवारी सकाळची शाळा असायची. दुपारी ती दोन तास चालून बहिरू गुरुजींच्या वाडीवर गेली. पुढच्या शनिवारी ते आले. महिन्याभरात आणखी दोन शिक्षक जोडले गेले. चौघं चार वाड्यांवरचे, चौघंही एकटे. आळीपाळीनं एकेकाच्या शाळेत बसायचं असं ठरलं. यशोधराच्या शाळेतली पहिली बैठक तिला जन्मभर लक्षात राहिली, कारण त्या दिवशी बहिरू गुरुजींनी तिची चूक दाखवली.

शाळा सुटली होती तरी काही मुलं रेंगाळली होती आणि चौथीतली एक मुलगी गोष्ट सांगत होती. "एक म्हातारी व्हती. तिला काय बी दिसत न्हाय." यशोधरानं सवयीनं थांबवलं, "'व्हती' नाही, 'होती'. 'न्हाय' नाही, 'नाही'." मुलीनं दोनदा दुरुस्त केलं आणि तिसऱ्या वाक्याला ती गप्पच झाली. गोष्ट तिथंच राहिली.

मुलं गेल्यावर गुरुजी हळूच म्हणाले, "बाई, तुमी म्हणता पोरं बोलत न्हाईत. बोलत्यात ते तुमी खोडता. मंग कशाला बोलतील?"

यशोधराला ते झोंबलं. तिच्या घरी तिचा बाप 'व्हतं'च म्हणायचा. डी.एड.ला पहिल्या महिन्यात वर्ग हसला म्हणून तिनं आपलं 'व्हतं' चिकाटीनं घासून काढलं होतं. आणि आता तेच ती या पोरींच्या तोंडातून काढत होती. सोमवारी तिनं फळ्याचे खडूनं दोन भाग केले. एकावर लिहिलं 'घरातलं', दुसऱ्यावर 'पुस्तकातलं'. आधी गोष्ट घरातल्या बोलीत पुरी सांगायची. मग सगळ्यांनी मिळून ती पुस्तकातल्या बोलीत नेऊन लिहायची. मोठ्यांनी लिहायची, लहानांनी त्यातली ओळखीची अक्षरं शोधायची. चार वर्गांना पहिल्यांदाच एकच काम मिळालं, प्रत्येकाला आपापल्या उंचीचं.

हळूहळू वेळापत्रक जमत गेलं. सकाळचा पहिला तास सगळ्यांचा एकत्र. मग चौथीतल्या दोघी पहिलीला वाचून दाखवणार, तोवर बाई तिसरीबरोबर. मार्चपासून बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, वेचायला मुलं रानात जायची आणि हजेरी निम्म्यावर यायची. ते महिने चौघांनी मिळून आधीच हलके ठेवले. कुठं जमलं, कुठं फसलं, ते शनिवारी एकमेकांना सांगायचं. बहिरू गुरुजींनी रचलेली गणितं ती वापरायची, तिची कार्डं ते वापरायचे.

यात दुसऱ्या वर्षी गोची झाली. केंद्राचं संमेलनही शनिवारी ठेवायला लागले आणि चौघं दोनदा लागोपाठ गैरहजर राहिले. चौघांच्या नावानं कारणे दाखवा नोटीस आली. बाकी तिघं घाबरले. एकजण म्हणाला, "बाई, आपण माफी लिहून देऊ. नोकरीचा प्रश्न हाय."

"तुमी लिहून द्या, माझं काय म्हणणं न्हाई. मला कारण विचारलंय, मी कारण देणार."

तिनं तीन ओळी लिहिल्या. संमेलनात चार वर्गांच्या शाळेविषयी दोन वर्षांत एकही तास झाला नाही. तो तास आम्ही आमच्या शाळांत घेत आहोत. साहेबांनी येऊन पाहावे ही विनंती. बहिरू गुरुजींनी कागद वाचला आणि खाली आपलीही सही केली.

फेब्रुवारीत खरोखरच विस्तार अधिकारी डुंबरे चढून आले. पन्नाशीचा माणूस, घामानं निथळलेला, तोंडावर नाराजी. सरूबाईनं न सांगता तांब्याभर पाणी आणून दिलं आणि ऐकवलं, "साहेब, ही बाई रोज दोन हंडं चढवती. तुमी एक डाव चढलात त्येच्यात एवढं दमलात."

डुंबरे दिवसभर बसले. त्यांनी तिसरीतल्या मुलीला धडा वाचायला लावला, मग म्हणाले, "आता तुझ्या शब्दांत सांग." मुलगी आपल्या बोलीत भडाभडा सांगू लागली. साहेबांनी यशोधराकडे पाहिलं. "दुरुस्त करत नाही तुम्ही?"

"आधी सांगू द्या, साहेब. लिहिताना ती पुस्तकातलं लिहिते. वही बघा."

त्यांनी वही पाहिली. मग पहिलीकडे वळले. यशोधरा आपण होऊन म्हणाली, "यातल्या दोघांना अजून अक्षरं येत नाहीत. एक वर्षभर आजारी होता. दुसऱ्याचं मला कळलेलं नाही. तुम्हाला काही सुचलं तर सांगा."

डुंबरे बराच वेळ त्या दुसऱ्या मुलाजवळ बसले. जाताना ओट्यावर बूट घालत म्हणाले, "वीस वर्षं मी शाळा तपासतोय. 'तुम्हाला काही सुचलं तर सांगा' असं मला कुणी म्हटलं नव्हतं." मग जरा कडक होऊन, "नोटीस मागे घेता येणार नाही, ती फायलीत राहील. पण दर दुसऱ्या महिन्याला वरच्या शाळांचं संमेलन वरच घ्या. तुमच्यापैकी कुणाच्या तरी शाळेत. मी हजेरी मान्य करीन. लेखी काही मागू नका."

यशोधराला एवढं पुरेसं होतं. पुढच्या सहासात वर्षांत ते वरचं संमेलन चारांचं अकरा शाळांचं झालं. मधल्या काळात तिचं लग्न झालं. नवरा धम्मपाल ओतूरला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस होता. आठवड्यातून एक दिवस भेट. दुसरा शिक्षकही कधी आला, कधी गेला. मुलगी झाली तेव्हा तिला घेऊनच ती हिरडवाडीत राहिली, आणि ती पाच वर्षांची झाल्यावर तिला आपल्याच शाळेत घातलं. पण पुढे चौथीनंतर काय, हा प्रश्न होताच. धम्मपालनं कधी आग्रह केला नाही. एकदाच म्हणाला, "मी तुला खाली ये म्हणणार न्हाई. पण पोरीला बाप रविवारपुरता हाय, हे बी बघ."

तिनं ते बघितलं. २००४ ला तिनं बदली मागितली आणि मिळाली, ओतूरजवळच्या शाळेत. तिच्या जागी राकेश नावाचा शिक्षणसेवक येणार होता, पहिलीच नेमणूक. त्याचं गाव सपाटीवरचं. तो वर चढून आला तेव्हा त्याच्या बॅगेत टाचणांची वही होती, आणि अक्षर सुरेख.

केंद्रातून निरोप आला, बाईंनी चार्ज देऊन दुसऱ्या दिवशी कार्यमुक्त व्हावं. यशोधरानं नकार दिला. "पंधरा दिवस मी आणि हा मिळून शिकवणार. मग मी जाईन."

"असा नियम नाही, बाई," नवे केंद्रप्रमुख म्हणाले.

"नसेल. मला कपाट, हजेरी आणि घंटा मिळाली होती. पोरांची दोन वर्षं मी शिकण्यात घालवली. ती पोरं परत पहिलीत येणार न्हाईत. पंधरा दिवस माझी रजा मांडा हवं तर."

रजाच मांडली. आपल्या रजेत ती रोज शाळेत होती. पहिले पाच दिवस राकेश मागे बसला. पुढचे पाच दिवस दोघांनी वर्ग वाटून घेतले. शेवटचे पाच दिवस ती मागे बसली. त्यातल्या तिसऱ्या दिवशी त्याचा सगळा वर्ग विस्कटला आणि तो खडू टाकून बाहेर गेला. ती त्याच्यामागे गेली नाही. मुलांना तिनं गोष्ट लिहायला बसवलं. तासाभरानं तो आला आणि म्हणाला, "बाई, मला हे जमणार नाही."

"आज जमलं न्हाई. काय झालं ते सांग, पहिल्यापासून."

त्यानं सांगितलं. तिनं ऐकलं, कुठं बोट ठेवायचं ते ठेवलं. संध्याकाळी ती त्याला घेऊन बहिरू गुरुजींच्या वाडीवर चालत गेली, तिच्यामागं त्याला विचारायला माणूस असावा म्हणून.

खालच्या शाळेत तिला एक वर्ग मिळाला, चौथी, सदतीस मुलं, एकच इयत्ता. पहिले दोन महिने ती बिचकली. तास संपला की बाकीचे वर्ग कुठं गेले असं तिला वाटायचं. घरी पोरगी होती, नवरा होता, दारात नळ होता, आणि ती त्या सुखाला नाव ठेवत नव्हती. पण वर्गातल्या कामात तिला पूर्वीचं समाधान मिळत नव्हतं, हे तिनं धम्मपालला स्पष्ट सांगितलं.

तीन वर्षांनी तालुक्याला नव्या शिक्षकांचं प्रशिक्षण ठरलं आणि बहुवर्ग अध्यापनाचा विषय तिच्याकडे आला. कार्यक्रमपत्रिकेत त्याला एक तास होता, जेवणानंतरचा, सभागृहात. यशोधरा कागद घेऊन तालुक्याच्या गटशिक्षणाधिकारी साहेबांसमोर जाऊन बसली.

"एका तासात मी हे सांगू शकणार नाही. तीन दिवस द्या. आणि सभागृहात न्हाई, वर, शाळा चालू असताना."

"राहायची सोय?"

"मी करते."

"सगळे कटकट करतील, बाई."

"करू द्या. नेमणूक वरची आहे ना त्यांची? मग आत्ताच करू द्या, मी ऐकायला आहे तोवर."

परवानगी मिळायला चार खेपा माराव्या लागल्या. २००७ च्या जुलैत बारा नवे शिक्षक तीन दिवस वरच्या वाड्यांवर राहिले. पहिल्या दिवशी तिनं त्यांना काहीही शिकवू दिलं नाही, नुसतं बघायला सांगितलं. तिसऱ्या दिवशी एक बाई रडली, एकजण म्हणाला आपण बदलीच मागणार, आणि त्यानं खरंच मागितली. बाकीचे अकरा टिकले. यशोधरानं प्रत्येकाच्या वहीत जवळच्या दोन शाळांच्या शिक्षकांची नावं आणि तिथं जायची वाट लिहून दिली. मग तिनं साहेबांना अहवाल लिहिला. त्यात ज्यानं बदली मागितली त्याचंही लिहिलं, दोष न देता. आणि शेवटी एक ओळ घातली, की पुढच्या वर्षी तीन दिवस पुरणार नाहीत, पाच लागतील.